पाठीवरून न उतरलेली पिल्लं

१

सकाळची हजेरी अर्ध्याकडे होती.

पदवी अर्ध्यात सोडली म्हणून बाबांनी त्याला हे नाव ठेवलं होतं. मोठ्या माणसांना स्वतःचा एखादा विनोद आवडला की ते तो झिजेपर्यंत वापरतात, आणि हा काही झिजत नव्हता. शिक्षण सोडलेला मुलगा घरात नुसता बसलेला बाबांना बघवत नसे. म्हणून त्यांनी विंचू त्याच्या गळ्यात मारले.

बाबा शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर लोक कुंड्यांना पाणी घालतात, रक्तदाब मोजत बसतात. बाबांनी विंचू पाळले. घराच्या मागच्या अंगाला बिनखिडकीची एक खोली होती. तिच्या भिंतींना फळ्या, फळ्यांवर झाकणाला भोकं पाडलेले प्लॅस्टिकचे डबे, डब्यात वाळू, वाळूवर खापराचा तुकडा आणि त्या तुकड्याखाली एकेक विंचू. मधूनमधून औषधं बनवणाऱ्या कुठल्याशा प्रयोगशाळेचा माणूस येई. बाबा चिमट्यात शेपूट धरून विजेचा बारीकसा झटका देत, नांगीच्या टोकाला आलेले विषाचे थेंब काचेच्या नळीत धरत आणि त्या माणसाच्या हवाली करत. त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालत आणि ‘आमचं संशोधन’ असं म्हणत. डबे धुवायचं, पाणी बदलायचं, झुरळं पकडून टाकायचं काम अर्थातच संशोधनात मोडत नव्हतं. ते अर्ध्याचं.

खोलीचे नियम होते. दिवा लावायचा नाही. जांभळ्या उजेडाची बॅटरी घ्यायची. आणि पायात नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, मऊ तळव्याच्या सपाता घालायच्या, कारण विंचवाला डोळे भरपूर असले तरी दिसतं यथातथाच. तो पायांनी ऐकतो. त्याच्या पायांवर केस असतात, सांध्यांजवळ बारीक चिरा असतात. वाळूवरून झुरळ चाललं तरी कुठल्या दिशेनं आणि किती लांबून, हे त्याला उभ्या जागी कळतं.

अर्ध्याला ही खोली आवडायची, हे तो कुणाला सांगत नसे. दार लोटलं, बॅटरी लावली की अंधारातून एकेक विंचू उगवायचा, हिरवट निळा, आतून पेटल्यासारखा. त्या उजेडात सगळेच तसे चमकतात. का, ते बाबांना माहीत नव्हतं. पण त्यांना काही माहीत नाही असं कधी झालेलं नसल्यामुळे त्यांनी त्यावर तासभर सांगितलं होतं.

सध्या वरच्या फळीवर लेकुरवाळ्या होत्या. विंचवीण अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते. पिल्लं जन्मल्या जन्मल्या आईचे पाय चढून तिच्या पाठीवर जातात. तेव्हा ती तांदळाच्या दाण्यांसारखी पांढरी आणि मऊ असतात, बॅटरीखाली धड चमकतही नाहीत. पाठीवरच ती पहिली कात टाकतात. मग कातडी टणक होते, चमक येते, आणि ती एकेक करून खाली उतरतात नि आपापल्या वाटेला लागतात. ती उतरली की अर्ध्याने त्यांना लगेच वेगळ्या डब्यांत हलवायचं.

त्या सकाळी त्याने वरचा पहिला डबा पाहिला. पिल्लं पाठीवरच. दुसराही तसाच, आणि तिसराही.

कात टाकून बरेच दिवस झाले होते. जुन्या काती चुरगळून वाळूवर पडल्या होत्या. पिल्लं लख्ख चमकत होती, टणक झाली होती, नांग्या वळवत होती. उतरत मात्र नव्हती. पाठीवर जागा पुरत नव्हती म्हणून ती एकमेकांवर चढून बसली होती, आणि एकाचाही पाय वाळूच्या दिशेला नव्हता.

त्याने डबा जवळ घेऊन निरखला. पूर आलेल्या गावात लोक छपरावर बसतात, तशी ती बसली होती.

२

“बाबा, वरच्या फळीवरची पिल्लं उतरत नाहीयेत.”

बाबा पुढच्या खोलीत खुर्चीत बसून पेपर वाचत होते. समोर स्टूल, स्टुलावर पाय. ते कायम असेच बसत.

“कात टाकली?”

“केव्हाच.”

“मग उतरतील. तुझ्यासारखी असतील. पुढच्या वर्गात जायला काहींना वेळ लागतो.”

छोटी हसली. ती त्याची धाकटी बहीण, आणि घरात एकटी अशी जिचं हसणं त्याला टोचत नसे. तिला परगावी नोकरी लागली होती. शनिवारी सकाळच्या बसने ती निघणार होती.

“सगळ्याच माद्यांची?” तिने विचारलं.

“सगळ्याच.”

“ओलावा कमी पडला असेल,” बाबा पेपराआडून म्हणाले. “किंवा तू पाणी घालायचं विसरला असशील. तीच शक्यता जास्त.”

आई चहा घेऊन आली. ती आल्याचं नेहमीप्रमाणे कुणाला कळलं नाही. आधी टेबलावर कप दिसला, मग हात, मग आई. घरात सगळ्यांनी अनवाणी राहायचं हा तिचाच नियम. चपला-बूट बाहेर, फार तर मऊ सपाता चालत.

“कोण उतरत नाही?” तिने विचारलं.

“विंचवाची पिल्लं गं.”

“शहाणी आहेत,” आई म्हणाली. तिने छोटीच्या केसांवरून हात फिरवला. “आईच्या पाठीवरून उतरून कुणाचं भलं झालंय? पण पोरं म्हणजे काय, पाठीवर बसूनच पोखरतात. आईला खाऊन मोठी होतात म्हणे विंचवाची पिल्लं.”

“ते अडाणी लोकांचं,” बाबा म्हणाले. “पिल्लं आईला तोंडही लावत नाहीत. झालंच तर उलटं होतं.”

“उलटं म्हणजे?”

पेपर थोडा वर सरकला. “काही नाही. साखर दे.”

आई छोटीच्या मागे उभी होती. तिचा हात अजून छोटीच्या केसांत होता.

“मी काही अडवत नाही हं कुणाला,” ती म्हणाली. “मोठ्याला तरी कुठे अडवलं? जायचं त्याने खुशाल जावं. जाताना एकदा नीट जवळ घेऊ द्यावं, एवढंच.”

मोठा म्हणजे थोरला भाऊ. तो गेल्या वर्षी गेला. त्याचे निरोप बाबांच्या फोनवर येत आणि बाबा ते मोठ्याने वाचून दाखवत. येथे सर्व क्षेम आहे. कामाचा व्याप फार आहे. सर्वांनी प्रकृतीस जपावे. मोठा घरात असताना एक वाक्य शिवीशिवाय पुरं करत नसे. नोकरी माणसाला बदलते, असं बाबा म्हणत.

३

अर्ध्याने पाणी घातलं. खापराचे तुकडे बदलले. डबे वरून खालच्या फळीवर आणले. पिल्लं उतरली नाहीत.

मग त्याच्या ध्यानात आलं की नुसती पिल्लंच बिघडलेली नाहीत.

एरवी घरात कुणी चाललं की विंचू दखल घेत. खोलीची जमीन आणि बाकीच्या घराची जमीन एकच होती. बाबा सपाता फरफटत मोरीकडे निघाले की फळ्यांवरचे सगळे आकडे, विंचवांचे ते पुढचे चिमटे, हळूच त्या दिशेला वळत. बाहेर छोटीने पायऱ्या दोन-दोन करून उतरल्या की सगळे तिकडे. अंधारात ते एका वेळी वळताना पाहायला त्याला मजा यायची.

आता ते मधूनच चपटे व्हायला लागले होते. आकडे आत ओढून, पोट वाळूला टेकवून, नांगी एका अंगाला पाडून ते निपचित पडत. झुरळाच्या चाहुलीला विंचू असा पडत नाही. त्याला स्वतःला खाणारं कुणी जवळ आलं की पडतो.

मुंगूस असेल. पाल असेल. अर्ध्याने फळ्या हलवून पाहिल्या, कोपरे झाडले, भिंतीला कान लावला. काही नव्हतं. घरात माणसंच होती. चार.

त्याने छोटीला कामाला लावलं.

“तू पुढच्या खोलीत बस. बाबा उठले की खोक. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली की गाणं गुणगुण.”

“का?”

“प्रयोग आहे.”

“विद्यापीठ हुकलं म्हणून घरात काढलंस काय?” ती म्हणाली, पण जाऊन बसली.

तो अंधारात बॅटरी धरून उभा राहिला. बराच वेळ काही नाही. मग बाहेर खोकला ऐकू आला. सपाता फरफटल्या, आकडे मोरीच्या दिशेला वळले, सपाता परत आल्या, आकडे परत आले. सगळं नीट, पुस्तकात असतं तसं.

मग, बाहेर पूर्ण शांत असताना, सगळ्यात डावीकडच्या डब्यातली मादी चपटी झाली. तिच्या शेजारची. तिच्या शेजारची. वाऱ्याने गवत लवतं तशी ती लाट फळीवरून डावीकडून उजवीकडे सरकली. पाठीवरची पिल्लं एकमेकांत घुसली.

ती लाट अर्धी फळी ओलांडून गेल्यावर छोटीचं गुणगुणणं सुरू झालं.

तो बाहेर आला तेव्हा आई बोळात उभी होती. बोळ म्हणजे पुढची खोली आणि मागची खोली यांच्यामधली अंधारी पट्टी. डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे छोटीची खोली. आईच्या हातात घडी घातलेले कपडे होते.

“काय रे, इतका वेळ एका जागी उभा होतास?”

“तुला कसं कळलं?”

“आईला कळतं.”

हे खरं होतं. आईची नजर अलीकडे फारच गेली होती. पेपरातली अक्षरं दिसत नाहीत, सुईत दोरा जात नाही. पण भिंतीपलीकडून ती विचारायची, कपाटापाशी काय करतोस, पलंगाच्या कडेला का बसलीस. लहानपणी तिघं म्हणायची, आईला पाठीमागे डोळे आहेत. आता त्याने आईच्या पायांकडे पाहिलं. फरशीवर ते सपाट टेकले होते आणि बोटं फाकलेली होती.

म्हातारपणी पाय पसरतात, त्याने स्वतःला सांगितलं. वजनाने हलकी आहे म्हणून चाहूल लागत नाही. विंचवांना काहीतरी रोग आहे. छोटी उशिरा गुणगुणली असेल. एकेक कारण नीट होतं, एकात एक बसत होतं. फक्त त्याच्या हातातली बॅटरी चालूच होती आणि ती आईच्या दिशेला वळवायचं त्याला धाडस झालं नाही. त्याने ती खिशात घातली, पेटलेलीच.

४

छोटी बॅग भरत होती. म्हणजे एक कपडा आत टाकत होती आणि दोन बाहेर काढत होती.

“तुझं मोठ्याशी बोलणं कधी झालंय?” अर्ध्याने दारात टेकून विचारलं.

“निरोप येतात की.”

“बोलणं. आवाज.”

तिने हातातला स्वेटर घडी न घालता कोंबला. “नाही. तुझं?”

“मी लावतो तेव्हा बंद असतो.”

“आपल्यावर रागावलाय तो. आपण इथे चिकटून राहिलो म्हणून.”

“ज्या दिवशी गेला त्या दिवशी मी कॉलेजात होतो. तू घरी होतीस.”

“न्हाणीघरात होते. आईने मुद्दाम पाठवलं, म्हणाली पाणी तापलंय, आधी आटप.” तिने आणखी एक कपडा बाहेर काढला. “तो पुढच्या खोलीत बूट घालत होता. घरात बूट घातले म्हणून बाबा काहीतरी बोलले, तो त्यांच्यावर डाफरला. मग आई म्हणाली, ये, जवळ ये.”

“मग?”

“मग काही नाही. मी बाहेर आले तेव्हा गेला होता.”

“दार वाजलं?”

घराचं पुढचं दार जाम बसायचं. आपटल्याशिवाय लागत नसे आणि आपटलं की सगळं घर हादरायचं. छोटी बराच वेळ बॅगेच्या चेनशी खेळली.

“पाण्याच्या आवाजात कळलं नसेल,” ती म्हणाली.

“नसेल.”

“असं बघू नकोस रे. तुझं तोंड बघून मला घरातच राहावंसं वाटायला लागलंय. सकाळपासून आईही तेच करतेय. पाठीवर हात काय फिरवते, काय आवडतं ते विचारते काय. मगाशी म्हणाली, राहायचं असेल तर अजूनही राहा, काही बिघडलेलं नाही.”

“तू काय म्हणालीस?”

“म्हटलं जाणार.” ती हळू आवाजात बोलत होती, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. “तेव्हा तिने हात काढून घेतला. असा झटकन. आणि मग माझ्याकडे बघितलं ना, तर मी कोण हे तिला आठवत नसल्यासारखं.”

“उद्या मागच्या दाराने जा. आईला भेटू नकोस.”

“वेडा आहेस का? आई आहे ती.”

“म्हणूनच.”

ती हसली. ते मात्र त्याला टोचलं.

५

शेवटी तो बाबांकडे गेला. बाबांकडे जाणं म्हणजे आधी पुरता पाणउतारा करून घेणं आणि मग उत्तर न मिळणं, हे त्याला बालवाडीपासून ठाऊक होतं. पण दुसरं कुणी नव्हतं.

“पिल्लू पाठीवरून उतरल्यावर आई त्याला ओळखते का?”

“कुठल्या इयत्तेचा प्रश्न आहे हा?”

“सांगा ना.”

“पाठीवर असतं तोवर ती त्याला सांभाळते. तिच्या अंगाचा वास लागलेला असतो, अंगाचाच भाग असतं म्हण. उतरलं की संपलं. मग वाळूवर काहीतरी हलतंय, एवढंच तिच्या लेखी. आणि वाळूवर जे हलतं ते...” बाबांनी चष्मा पुसला. “निसर्गात दुष्टपणा नसतो. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहायचो.”

“आणि बाप?”

“काय बाप?”

“बाप कुठे असतो तेव्हा?”

बाबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. पुढच्या खोलीत दुपारचं ऊन होतं. स्टुलावर बाबांचे गोरे, निरुपयोगी पाय शेजारीशेजारी ठेवलेले होते. टाचा मऊ होत्या, चालण्यातल्या नव्हत्या. अर्ध्याने आठवून पाहिलं. मोरीपर्यंत नि विंचवांच्या खोलीपर्यंत जाणं सोडलं तर बाबांचे पाय घरात जमिनीवर टेकलेले त्याला आठवेनात. जेवायलासुद्धा ते खुर्चीत मांडी घालून बसत. पाहुण्यांना ते विक्षिप्त वाटे, आणि बाबांना विक्षिप्त दिसायला आवडतं अशी घरात समजूत होती.

“मी या घरात इतकी वर्षं कसा टिकलो, सांगू?” बाबा म्हणाले. आवाज वर्गातला नव्हता. “मी पाय आपटत नाही. तुम्हा पोरांना सारखं कुठेतरी निघायचं असतं. धाडधाड चालता, दारं आपटता. मोठ्याला मी सांगितलं होतं, बूट काढ म्हणून. एवढंच म्हणालो होतो, बूट काढ.”

“मोठा कुठे आहे, बाबा?”

“नोकरीत आहे.”

“ते निरोप तुम्हीच लिहिता?”

पेपर वर गेला.  अर्ध्याला वाटलं, तो पेपर फाडून त्या तोंडात कोंबावा. आयुष्यभर मुलांना जीव म्हणजे काय ते शिकवलं, आणि स्वतःचा जीव स्टुलावर ठेवून बसले.

आतून, स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडून, आईने विचारलं, “कोण रे चिडून उभं राहिलंय?”

६

शनिवारी सकाळी तो हजेरीला गेला तेव्हा सगळे विंचू चपटे होते. घरात अजून कुणी हललंही नव्हतं.

त्याने बॅटरी एका डब्यावर धरली. मादीच्या पाठीवर कडेला बसलेल्या एका पिल्लाने पाय खाली सोडला. मागे घेतला. पुन्हा सोडला. मग ते घसरत उतरलं आणि वाळूवर उभं राहिलं, हिरव्या ठिणगीएवढं. त्याने दोन पावलं टाकली.

मादी सावकाश वळली. घाई अजिबात नव्हती. ती त्याच्यासमोर थांबली, दोन्ही आकडे बाजूला पसरले, माणूस कुणाला जवळ बोलावताना हात पसरतो तसे, आणि मग मिटले. पिल्लाने नांगी उचललीही नाही. पाठीवरची बाकीची पिल्लं हलली नाहीत. त्यांना जे ठाऊक होतं तेच झालं होतं.

बाहेर छोटीचा आवाज आला. “आई, निघते गं.”

“अगं हो. पण अशीच जाणार? ये, जवळ ये.”

अर्ध्याने डबा खाली ठेवला. तो दार ढकलून बोळात आला. बोळाच्या टोकाला पुढची खोली दिसत होती. खुर्चीत बाबा, पाय स्टुलावर, तोंडापुढे पेपर. दाराजवळ बॅग. बॅगेशेजारी छोटी, नवे बूट घातलेली, निघायच्या उत्साहात एका जागी पाय नाचवत असलेली. आणि तिच्यासमोर पाठमोरी आई, दोन्ही हात पसरलेले.

छोटीने एक पाऊल पुढे टाकलं.

ओरडून उपयोग नव्हता. कुणी ओरडलं तर आई कधीच दखल घेत नसे. लहानपणी तिघं घसा फोडून भांडायची तरी ती मान वर करत नसे, पण एखादी गोटी फरशीवर पडली की धावत यायची.

त्याने सपाता काढून फेकल्या आणि टाच फरशीवर आपटली.

आईचे हात तिथेच थांबले.

त्याने दुसरी टाच आपटली. मग पहिली. तो बोळात एका जागी पाय आपटत राहिला, अंगातला सगळा राग टाचांत उतरवून, दाणदाण. भांडी किणकिणली, मागच्या खोलीत डब्यांची झाकणं खडखडली. इतक्या वर्षांत या घरात कुणी इतका आवाज केला नव्हता. बाबांचा पेपर खाली झाला नाही. फक्त तो चुरगळला.

आणि आई वळली.

कशी वळली ते अर्ध्याला नीट दिसलं नाही, कारण मध्ये अंधार होता. छोटीला दिसलं. ती समोरच होती, आणि तिच्यावर उजेड होता. तिचं तोंड आधी कोरं झालं, मग म्हातारं झालं. ती किंचाळली नाही. ती खाली वाकली, डोळे आईवरून न काढता एकेक करून बूट काढले, हातात घेतले. बॅग तशीच राहू दिली. पुढचं जाम दार ओढलं असतं तर घर हादरलं असतं. चवड्यांवर, भिंतीला घासत, ती पुढच्या खोलीत उघडणाऱ्या दारातून स्वयंपाकघरात शिरली. तिथून मागच्या अंगणात जाता येत होतं.

आपटत राहायला हवं होतं. तिला पोचेपर्यंत. तो आपटत राहिला.

आई बोळात आली.

७

छोटीची खोली संपते तिथे बोळाला एक छोटा झरोका होता, बाजूच्या रस्त्याकडे उघडणारा. डोळ्याच्या कोपऱ्यातून अर्ध्याला त्यातून छोटी दिसली. अनवाणी, हातात बूट, पळत. वळणावर बसथांब्याची माणसं उभी होती. ती त्यांच्यात शिरली आणि त्यांच्यातली एक झाली. एवढं पाहायला त्याने श्वास रोखला, आणि पाय आपटायचा राहिला. उजवा पाय वर उचललेलाच होता. त्याने तो वरच धरला.

घर एकदम शांत झालं.

त्याच्या हातातली बॅटरी कधीपासून पेटलेली होती. जांभळा उजेड जमिनीवर पडला होता. त्यात आईच्या गाउनची किनार उजळली. ते समजण्यासारखं होतं, धुण्याच्या पावडरीने कपडे त्या उजेडात चमकतातच, हे त्याला माहीत होतं. मग उजेड त्याच्या हाताबरोबर वर सरकला. बाह्या चमकल्या. बाह्या संपल्या.

चमक संपली नाही.

ती मनगटावर होती. पंजांवर होती. हिरवट निळी, आतून पेटल्यासारखी. ते हात अजूनही मिठीसाठी पसरलेले होते. बोळाच्या दोन्ही भिंतींना ते टेकत होते, आणि बोळ काही अरुंद नव्हता.

बॅटरी त्याच्या हातातून सुटली नाही. त्याने ती सुटू दिली नाही. पडली असती तर वाजली असती. त्याने अंगठ्याने कळ मागे ओढली, अगदी हळू, आणि मग झरोक्यातला साधा उजेड तेवढा राहिला. त्यात आई होती. गाउन घातलेली, केस मागे बांधलेली, थोडी दमलेली बाई. असेलच तर बॅटरीचा दोष असेल. हाताला साबण असेल. कालपासून झोप नाही.

ती हातभर अंतरावर येऊन थांबली. तिच्या पायांची बोटं फरशीवर फाकली, टेकली, थोडी पुढे सरकून पुन्हा टेकली. तिचं तोंड त्याच्या तोंडासमोर होतं. तिच्या श्वासाला चहाचा वास होता. ती सरळ त्याच्या डोळ्यांत पाहत होती.

“अर्ध्या?” तिने विचारलं, लाडात, तो लहान असताना विचारायची तसं. “कुठे आहेस रे बाळा?”

पुढच्या खोलीत पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.

तो एका पायावर उभा होता. पाठ भिंतीला टेकवता येत नव्हती, भिंतीपर्यंत जायला पाऊल टाकावं लागलं असतं. आईची मान एका बाजूला कलली आणि ती वाट पाहू लागली. तिला कसली घाई नव्हती. विंचू खाण्यावाचून महिनोन् महिने बसू शकतो.

त्याच्या डाव्या पोटरीत पहिली कळ आली.